कुठे भाजलं?

"कुठे भाजलं?" या प्रश्नाला मराठीत दोन उत्तरं असतात. एक म्हणजे हाताला, पायाला, मानेवर. आणि दुसरं म्हणजे अमुक कारखान्यात, तमुक खात्यात. गेली अठरा वर्षं बदलापूर पूर्वेला आमचं मेडिकल आहे. काउंटरवर उभी राहून हा प्रश्न मी शेकडो वेळा विचारला आहे आणि मला दरवेळी पहिलंच उत्तर मिळालं आहे. दुसरं कुणी आपणहून देत नाही, आणि ते कुठे लिहिलंही जात नाही. आजचं लिखाण त्या दुसऱ्या उत्तराबद्दल आहे. (बारवीच्या पावसाळी सहलीचे फोटो बघायला आलेल्या मंडळींनी माफ करा, ते पुढच्या वेळी नक्की!)

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेवरची ओळीने तीन स्टेशनं. अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिवमंदिर आठवतं, साडेनऊशे वर्षांपेक्षा जुनं. पण अंबरनाथ हे ॲसिडचंही जुनं गाव आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा सल्फ्युरिक ॲसिडचा आणि खताचा कारखाना इथे होता, देशातल्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक. पुढे एमआयडीसी आली, रंगांचे, औषधांच्या कच्च्या मालाचे, लहानमोठे रासायनिक कारखाने आले. म्हणजे शंभर वर्षं झाली, आमच्या भागातली माणसं रसायनं हाताळतायत आणि रसायनं त्यांना.

आता मेडिकलवाल्याला काय दिसतं ते सांगते. रातपाळी सुटली की सकाळी दुकान उघडता उघडता एखादा मुलगा येतो. हाताला रुमाल गुंडाळलेला. "मॅडम, भाजल्यावरचं मलम द्या, ते पिवळं." कशाने भाजलं म्हटलं की "पाणी उडालं" म्हणतो. साध्या गरम पाण्याने कातडी अशी होत नाही हे मला कळतं आणि मला कळलंय हे त्यालाही कळतं. बोटं पिवळी पडलेली असली तर नायट्रिक ॲसिड. तळहात पांढरा, साबण लावल्यासारखा बुळबुळीत असला तर कॉस्टिक. दोघांनाही मी मलमाआधी एकच विचारते, "पाण्याखाली किती वेळ धरला होतास?" आणि उत्तर बहुतेक वेळा "धुतला ना मॅडम, लगेच" असं असतं. लगेच म्हणजे अर्धा मिनिट. कारण मशीन चालू असतं.

इथे थोडं शास्त्र सांगायलाच हवं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात "भाजणं" म्हणजे विस्तव. विस्तवाचा चटका बसतो आणि हात मागे येतो, चटका तिथेच थांबतो. रसायनाचं तसं नाही. ते कातडीवर असेपर्यंत भाजतच राहतं. त्यातही ॲसिड आणि अल्कली यांच्या वागण्यात फरक आहे. बहुतेक ॲसिडं कातडीतली प्रथिनं गोठवतात, वर एक कडक थर तयार होतो आणि तो थर पुढचं शिरणं थोडंफार अडवतो. कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली मात्र कातडीतल्या चरबीचा अक्षरशः साबण करते आणि आत आत जात राहते. सुरुवातीला दुखतही नाही फारसं. माणूस म्हणतो काही झालं नाही, आणि रात्री हात सुजून वर येतो. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तर आणखी लबाड. वर काहीच दिसत नाही आणि काही तासांनी हाडापर्यंत ठणका लागतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, पिवळं मलम नव्हे.

बाकी बहुतेक सगळ्यावर पहिला उपाय एकच. पाणी. वाहतं, भरपूर आणि निदान वीस मिनिटं. अल्कली असेल तर त्याहून जास्त. कपडे, मोजे, घड्याळ सगळं काढून. कोरडी पावडर असेल तर आधी झटकून मग पाणी. ॲसिडवर चुना किंवा सोडा टाकायचा नाही, त्याने आणखी उष्णता निर्माण होते. हळद नको, टूथपेस्ट नको. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून पाणी, आणि डॉक्टरकडे जातानाही जमेल तेवढं पाणी. (हा परिच्छेद कॉपी करून तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलात तरी माझी हरकत नाही. घरातल्या टॉयलेट क्लीनरला आणि ड्रेन साफ करायच्या पावडरीलाही हेच लागू आहे.)

आमच्या बिल्डिंगमधले एक काका एका डाईजच्या कारखान्यातून रिटायर झाले, एकतीस वर्षं नोकरी. ते सांगतात, त्यांच्या खात्याच्या दाराशीच पाण्याचा एक हौद होता. कुणाच्या अंगावर माल उडाला की बाकीचे दोघं त्याला उचलून कपड्यांसकट हौदात टाकायचे. साहेबाला विचारायचं नाही, मशीन बंद करायला थांबायचं नाही. "अगं, आमच्या मानेवर डाग आहेत, पण डोळे शाबूत आहेत ते त्या हौदामुळे," असं ते म्हणतात. मला यातला हौद जितका महत्त्वाचा वाटतो, तितकंच महत्त्वाचं वाटतं ते "साहेबाला विचारायचं नाही" हे. ते दोघं पक्के कामगार होते, एकमेकांना नावाने ओळखत होते आणि दहा मिनिटं काम थांबलं म्हणून उद्या कामावर येऊ नको असं त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं.

आता जरा लांब जाऊ या.

माझा आतेभाऊ अमेरिकेत नेब्रास्कामध्ये, ओमाहाला राहतो. (दादा, हे वाचतोयस ना?) हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो त्याने पाठवलेल्या एका बातमीमुळे. त्याच्या गावापासून दोन-अडीच तासांवर ग्रँड आयलंड नावाचं शहर आहे आणि तिथे गोमांसावर प्रक्रिया करणारा प्रचंड कारखाना आहे. आपल्याला वाटतं की मांसाच्या कारखान्यात धोका सुऱ्यांचा आणि करवतींचा. तो आहेच. पण दिवसभर कापाकापी झाली की रात्री ते सगळं यंत्र, जमीन, पट्टे, रक्त आणि चरबी साफ करावी लागते, आणि चरबी नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यासाठी गरम पाणी आणि अल्कलीचा फेस. चरबीचा साबण करणारं तेच रसायन, जे आमच्याकडे पोरांच्या तळहातावर दिसतं! शिवाय जंतू मारायला पेरॅसिटिक ॲसिडसारखी रसायनं. शिवाय सगळा कारखाना थंड ठेवायला अमोनिया.

ही रात्रीची सफाई मांस कंपनी स्वतः करत नव्हती. ते काम पॅकर्स सॅनिटेशन सर्व्हिसेस नावाच्या कंत्राटदार कंपनीकडे होतं. आणि त्या कंपनीत रातपाळीला लहान मुलं काम करत होती. हे बाहेर आलं कसं, तर शाळेमुळे. चौदा वर्षांची मुलगी वर्गात झोपते आहे आणि तिच्या हातांवर रसायनाने भाजल्याच्या खुणा आहेत, हे शाळेच्या लक्षात आलं. शाळेने ते पुढे कळवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचं कामगार खातं कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जो हिशेब जाहीर झाला तो असा: आठ राज्यांतले १३ कारखाने, १३ ते १७ वर्षांची १०२ मुलं आणि सुमारे १५ लाख डॉलर दंड. कायद्यात बसणारा जास्तीत जास्त दंड एका मुलामागे १५,१३८ डॉलर होता, तेवढाच झाला.

दादाने खाली लिहिलं होतं, "इथेसुद्धा!" मला मात्र त्या बातमीत दुसरंच काहीतरी दिसलं. मुलीचा हात भाजला तो मांस कंपनीच्या छताखाली, पण ती त्या कंपनीची कामगार नव्हतीच. कागदावर ती दुसऱ्याच कुणाची. आणि ती कुठे भाजली हे कारखान्याच्या आतल्या कुणी विचारलं नाही. बाहेरच्या एका माणसाने हात बघितला, दुसरा अर्थ धरून प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्या एका नोंदीवर उभं राहिलं.

मांसाच्या कारखान्यांतली ही भाजणारी रसायनं आपल्या देशातही आहेतच. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात अलीगढच्या एका मांस कारखान्यात अमोनिया गळला आणि पन्नासच्या आसपास कामगारांना त्रास झाला, त्यात बहुतेक बायका होत्या. २०२४ मध्ये आपल्या दौंड तालुक्यात भांडगावच्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात अमोनियाच्या गळतीमुळे १७ कामगारांना रुग्णालयात न्यावं लागलं. बातम्यांत "गुदमरले" असा शब्द असतो. पण अमोनिया गुदमरवतो तसाच भाजतोही. तो ओलाव्यात विरघळतो आणि अल्कली होतो. म्हणजे डोळे, घसा आणि घामाने भिजलेली काख, जांघ. द्रवरूप अमोनिया अंगावर पडला तर तो उणे तेहतीस अंशाचा, आधी गोठवतो आणि मग भाजतो. मच्छी, दूध, आइस्क्रीम, बर्फ, मांस... आपल्या ताटात थंडगार येणाऱ्या बऱ्याच गोष्टींच्या मागे अमोनियाचा पाइप असतो आणि त्या पाइपाखाली कुणीतरी उभं असतं.

मांसाच्या कारखान्यातल्या कामगारांची ही गोष्ट जुनीच आहे म्हणा. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपात आली. शिकागोच्या कत्तलखान्यांतले कामगार, त्यांची ॲसिडने खाल्लेली बोटं, सगळं त्यात आहे. पुस्तक गाजलं, लोक हादरले आणि त्याच वर्षी अमेरिकेत दोन कायदे झाले. एक मांसाच्या तपासणीचा, दुसरा शुद्ध अन्न आणि औषधांचा. म्हणजे बोटांबद्दल वाचून लोकांनी विचारलं की आमचं मांस स्वच्छ आहे ना? खाणाऱ्याचं पोट सुरक्षित झालं. बोटांसाठी कायदा झाला नाही.

आणि इथे मला आमचं बदलापूर आठवतं.

३ जून २०२१ च्या रात्री दहाच्या सुमाराला शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वायू गळला. डोळे चुरचुरले, श्वास लागला, लोक घराबाहेर आले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रस्त्यावर रासायनिक धूर धुक्यासारखा पसरला, सगळ्यांनी व्हिडिओ काढले. अशा वेळी आमच्या सोसायट्यांचे ग्रुप जे पेटतात ते विचारू नका. निवेदनं, फोन, नगरसेवक, प्रदूषण मंडळ. बरोबरच आहे, वायू कुणाच्या घरात येऊ नये. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते खिडकीतून दिसतंच. एमआयडीसी जिथे गावाबाहेर होती तिथे आता गाव आहे.

पण बघा, रसायन फाटकाबाहेर आलं की ती बातमी होते. फाटकाच्या आत ते कुणाच्या हातावर पडलं तर होत नाही. आतली बातमी व्हायला स्फोट लागतो. २६ मे २०१६ ला डोंबिवलीत झाला, बारा जण गेले आणि शेकड्याने जखमी झाले. २३ मे २०२४ ला पुन्हा डोंबिवलीतच रिॲक्टर फुटला आणि दहाहून जास्त माणसं गेली. १८ जानेवारी २०२४ ला पहाटे आमच्या खरवई एमआयडीसीत स्फोट झाला, एक कामगार गेला, चार जखमी झाले. स्फोट झाला की मंत्री येतात, पंचनामा होतो, चौकशी समिती नेमली जाते. आणि एरवी? एरवी माझ्या काउंटरवर रुमाल गुंडाळलेला हात येतो, एक ट्यूब आणि एक गॉजचं पाकीट घेतो आणि जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा हात मोजला गेला पाहिजे. स्फोटात जाणाऱ्या माणसाइतकाच मोजला गेला पाहिजे, कारण स्फोटाच्या आधी याच हातांनी सूचना दिलेली असते. गळका व्हॉल्व्ह, सैल फ्लँज, झाकण नसलेला ड्रम, बंद पडलेला शॉवर हे सगळं आधी कुणाच्या तरी मनगटावर उमटतं. ते मनगट वहीत आलं असतं तर व्हॉल्व्ह बदलला गेला असता. न मोजलेली जखम पुन्हा होते. बहुतेक वेळा तिथेच होते, फक्त माणूस वेगळा असतो.

मग मोजत का नाहीत? कायदा नाही म्हणून? कायदा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त काम करू शकला नाही तर सरकारला कळवावं लागतं. आता यातली गंमत बघा. भाजलेला पोरगा दुसऱ्या दिवशी बँडेज बांधून कामावर आला, तर मोजणीच नाही. आणि कंत्राटदाराचा माणूस आलाच नाही, तर तो "गैरहजर" नसतो. त्याच्या जागी दुसरा उभा असतो, बस्स. ४८ तास कुणाचे मोजायचे?

मस्टरवर नाव कुणाचं आहे, यावर सगळं ठरतं. कामगार विम्याचं (आपण ज्याला ईएसआय म्हणतो) उदाहरण घ्या. साध्या आजारपणासाठी सुट्टी झाली तर विम्यातून रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. तीच सुट्टी कामावरच्या इजेमुळे असेल तर ९० टक्के, आणि काम करता येईपर्यंत, दिवसांची मर्यादा नाही. फक्त पहिल्या तीन दिवसांपलीकडे इजा टिकलेली हवी. सहाशे रुपये रोज मिळणाऱ्या माणसाला एकीकडे ४२० आणि दुसरीकडे ५४०. फरक कुठून येतो? कागदावर "कामावर भाजला" असं लिहिलंय की नाही यावरून. मालकाने अपघात नोंदवहीत लिहायचं असतं, अपघाताचा अहवाल भरायचा असतं. तो भरला नाही तर भाजलेला हात म्हणजे आजारपण. आणि ज्याचं विमा कार्डच काढलेलं नाही त्याच्यासाठी तेही नाही, माझ्याकडची ट्यूब आहे. कायम टिकणारं अपंगत्व आलं, बोटं आखडली, तर पुढे ते सिद्ध करायला पहिला कागद कुठून आणायचा?

यावर मला नेहमी ऐकू येणारी उत्तरं मला माहीत आहेत.

"कामगारच हातमोजे घालत नाहीत हो." एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या शेडखाली, रिॲक्टरच्या शेजारी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून आठ-बारा तास उभं राहून बघा. शिवाय एकदा आतून ओला झालेला किंवा भोक पडलेला हातमोजा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तो ॲसिड कातडीला धरून ठेवतो. आणि कुठल्या रसायनाला कुठला हातमोजा हे तरी त्याला कुणी सांगितलेलं असतं का? ड्रमवरचं लेबल इंग्रजीत. वाचणारा कधी जळगावचा, कधी गोंड्याचा. हातमोजा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पहिला उपाय म्हणजे माल हाताने ओतायलाच लागू नये.

"लहान मालकांना परवडत नाही." काही गोष्टी नाही परवडत, मान्य. लहान धंदा कसा चालतो हे मला दुकान चालवून माहीत आहे. पण पाण्याचा शॉवर? डोळे धुवायची तोटी? एक वही आणि पेन? आणि खरं म्हणजे मोठ्या कंपन्या हे काम लहानांकडे देतात ते याचसाठी ना, की धोका त्यांच्या हिशेबात येऊ नये? नेब्रास्कातल्या कारखान्याने सफाई बाहेर दिली तीही याच पद्धतीने.

"कामगारांनाच लिहून नको असतं." हे सगळ्यात खरं आहे आणि सगळ्यात दुःखाचं. मी एकदा एका पोराला म्हटलं, "अरे, विम्याच्या दवाखान्यात जा, कामावर झालंय असं सांग." तो म्हणाला, "मॅडम, सांगितलं तर हात बरा होईल, पण काम जाईल." यावर माझ्याकडे त्याला देण्यासारखं उत्तर नव्हतं. म्हणूनच लिहिण्याचं ओझं त्याच्यावर टाकून चालणार नाही. ग्रँड आयलंडच्या मुलीने तक्रार केली नव्हती. शाळेने केली.

आमच्याकडे ती शाळा कोण? मला वाटतं, डॉक्टर. खाजगी दवाखाना असो, नगरपालिकेचा असो की विम्याचा, केसपेपरवर "बर्न्स, राइट फोरआर्म" एवढंच न लिहिता आणखी तीन शब्द लिहायचे. कशाने, कुठल्या कामावर, कुठल्या ठिकाणी. उद्या त्या माणसाला नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर तोच त्याचा पहिला कागद. आणि एकाच ठिकाणाहून महिन्यात चार हात आले, तर औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचं ऑफिस कल्याणला आहे, फार लांब नाही. साथीच्या रोगांचं आपण करतोच की, एका गल्लीत चार कावीळ झाल्या की पाण्याची पाइपलाइन तपासतो.

दुसरं, नाव. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक झालं. नव्या संहितेतही ते आहे. हजारो माणसं गेल्यावर मिळालेला हक्क आहे तो. तो कुठे दिसायला हवा? खात्याच्या भिंतीवर, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत: इथे हे वापरतो, अंगावर पडलं तर हे करा. पोराला "पाणी उडालं" म्हणावं लागतं ते कधी भीतीने, पण कधी कधी खरोखरच त्याला माहीत नसतं म्हणून. नुसता "तीन नंबरचा माल" एवढंच माहीत असतं. डॉक्टरने त्यावर काय औषध द्यायचं?

आणि तिसरं आपण, फाटकाबाहेरचे. पुढच्या वेळी वास आला की जे निवेदन जाईल त्यात एक ओळ वाढवायची. वायूची चौकशी करा, आणि सोबत या कारखान्याची अपघात नोंदवही तपासा, कंत्राटी माणसांची नावं त्यात आहेत का ते बघा. सोसायटीच्या लेटरहेडवर ही ओळ लिहायला काही पैसे पडत नाहीत. जो वायू आपल्याला वीस मिनिटं नको झाला, तो आत कुणीतरी बारा तास घेतोय, एवढं तरी त्या कागदावर यावं.

कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. आमचं अर्धं गाऱ्हाणं आणि अर्धी पोटं त्यांच्यावरच आहेत, माझं दुकानसुद्धा. या कारखान्यांतून निघणाऱ्या कच्च्या मालाचीच औषधं माझ्या फळीवर असतात, याचीही मला जाणीव आहे. म्हणूनच म्हणते की त्या गोळीच्या किमतीत कुणाच्या तरी बोटांची किंमत धरलेली नसेल, तर ती गोळी स्वस्त नाही. तिचा खर्च कुणीतरी दुसरा भरतोय.

या ब्लॉगवर येणाऱ्यांत निदान चार-पाच डॉक्टर आहेत (दोन तर आमच्याच घरातले), एक-दोघं एमआयडीसीत नोकरी करणारे आहेत, आणि माहेरची सगळी मंडळी चोरून वाचतात हे मला माहीत आहे. डॉक्टरलोकहो, केसपेपरवर ते तीन शब्द लिहिणं खरंच इतकं अवघड आहे का? पोलीस केसचं झंझट मागे लागतं म्हणून टाळलं जातं असं मी ऐकलंय. तसं असेल तर तेही लिहा, मला समजून घ्यायचंय. आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनो, नावं नका लिहू, फक्त एवढंच सांगा: तुमच्या खात्यातला शॉवर उघडला तर आज पाणी येतं का?